गच्चीवरचं सोंग

पालिकेच्या परवाना खात्यात तिला सगळे ‘खोदकाम’ म्हणायचे. तोंडावर ‘बाई’, पाठ फिरली की खोदकाम. कारण एकच, एखादी गोष्ट डोक्यात शिरली की पाणी लागेपर्यंत ती खणत राहायची. बाकीचे निरीक्षक फीत लावून पाटीची लांबी-रुंदी मोजायचे, शिक्का मारायचे आणि चहाला जायचे. ही बया मात्र विचारणार, पाटी हिरवीच का? बाण डावीकडेच का? अहो, त्याला हिरवा आवडतो, तुमचं काय जातं? तिचं काहीच जात नसे. पण कारण कळलं नाही तर तिला रात्री जेवण गोड लागत नसे, त्याला कोण काय करणार?

तर अशा या बाईच्या टेबलावर एका बर्गरच्या दुकानाची फाईल आली. दुकान म्हणजे पूर्वीचं टायरचं गोदाम. गोदामाचं खाण्याचं दुकान करायचं म्हणजे परवानग्यांची रांगच रांग. धुराडं किती उंच, मागे दुसरं दार आहे की नाही, तेलकट पाणी कुठे सोडणार, गच्चीवर जायचा जिना पक्का आहे का. बर्गरवाला पठ्ठ्या एकेक करत सगळ्यातून पार पडला होता. तात्पुरत्या परवान्यावर दुकान चालूही झालं होतं आणि आजूबाजूचे लोक त्याला ‘बिनपाटीचं’ म्हणायला लागले होते. आता राहिली होती ती पाटीच.

आणि पाटीचा नियम मोठा कडक. एका जागेला मोठी पाटी एकच. भिंतीवर लावा, खांबावर लावा, गच्चीवर लावा, पण एक म्हणजे एक. त्यामुळे माणसं रस्त्याकडच्या बाजूसाठी हातघाईवर येतात, वीतभर जास्त मिळावी म्हणून साहेबांच्या दारात ठाण मांडून बसतात. या बर्गरवाल्याने मात्र आपली एकुलती एक पाटी नकाशात दाखवली होती गच्चीच्या मागच्या कठड्यावर, रस्त्याकडे पाठ करून.

मागे काय होतं? रूळ. त्यांवरून जायच्या त्या मालगाड्या, त्याही बहुतेक कोळशाच्या. रुळांपलीकडे मालधक्का, आणि त्याच्यापलीकडे चढावर जुन्या इमारतींची एक रांग. कोळसा काही उतरून बर्गर खायला येत नाही. खोदकामने नकाशा उलटा धरून पाहिला, म्हटलं चुकून फिरला असेल. फिरला नव्हता.

“साहेब, हा माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोय,” ती म्हणाली.

“पाय त्याचा, धोंडा त्याचा,” साहेब म्हणाले. “नियमात बसतंय ना? मग सोंग उभं करा, चार बाजूंनी बघा आणि मोकळ्या व्हा.”

सोंग हा त्यांच्या खात्यातला शब्द. पाटी मंजूर करण्याआधी तिच्याच मापाचं कापड दोन बांबूंवर ताणून, जिथे पाटी लागणार तिथेच उभं करायचं. मग निरीक्षकाने आसपास फिरून ते कुठून दिसतं, कोणाच्या खिडकीवर येतं, कोणाचा उजेड अडवतं ते पाहायचं. कागदावर सगळ्याच पाट्या गरीब गाईसारख्या असतात, खरं रूप उभं केल्यावर कळतं. बाकीचे निरीक्षक हे काम चहाच्या टपरीवर बसूनच उरकायचे. खोदकाम मात्र थेट लोकांच्या घरात शिरायची. परक्या माणसाच्या गॅलरीत उभं राहायचं आणि त्याला रोज काय दिसतं ते बघायचं, नोकरीतला हाच भाग तिला सगळ्यात आवडायचा. उगीच खोटं कशाला बोला?

दुसऱ्या दिवशी दुपारची गर्दी ओसरल्यावर ती दुकानात पोचली. तळणीचा वास रस्त्याच्या वळणापासूनच नाकात शिरत होता. आत सगळं कसं लखलखीत होतं. काउंटरमागे बटाट्याच्या कापांची जाळी निथळत ठेवलेली, पावांची चळत फडक्याखाली झाकलेली. बर्गरवाला अंगाने भरलेला, बोलण्यात चलाख. त्याची बायको हडकुळी, कमी बोलणारी, पण सगळं दुकान तिच्या नजरेवर चाललेलं. नवरा बोलता बोलता मध्येच तिच्याकडे बघायचा आणि ती मानेनेच हो-नाही करायची.

“हे बघा,” खोदकामने नकाशा काउंटरवर पसरला. “पाटी मागे लावलीत तर पुढे लावता येणार नाही. कायमची. समोरून जाणाऱ्याला इथे दुकान आहे हे कळणार कसं?”

“वास येतो ना, मॅडम,” बर्गरवाला म्हणाला. “तुम्हाला पत्ता विचारावा लागला का?”

“थट्टा नको. मागे गिऱ्हाईक कोण आहे तुमचं?”

“नियमात बसतं ना?”

“नियमात बसतं. माझ्या डोक्यात बसत नाही.”

बर्गरवाल्याने डोकं खाजवलं, बायकोकडे पाहिलं. या वेळी तिने मान हलवली नाही. हातातलं फडकं बाजूला ठेवून तीच पुढे आली.

“माझ्या बाबांसाठी आहे ती पाटी,” ती म्हणाली.

मग तिने जे सांगितलं ते असं. तिचे वडील घड्याळजी. आयुष्यभर स्वतःच्या नावाच्या पाटीखाली बसून घड्याळं दुरुस्त केली. तिचा हा नवरा तेव्हा दुसऱ्याच्या गाडीवर बटाटे तळायचा. लग्नाची गोष्ट काढली तेव्हा वडील म्हणाले, ज्याच्या नावाची पाटी कुठे नाही त्याच्या घरात माझी मुलगी नाही. लावशील पाटी त्या दिवशी मी आपल्या पायांनी येईन. तोवर तुम्ही मला नाही आणि मी तुम्हाला नाही. दोघांनी लग्न केलं. म्हातारा आला नाही. मुलगी दारात गेली तर दार उघडलं नाही, फोन केला तर उचलला नाही. शेवटी तिनेही करणं सोडलं.

“रुळांपलीकडे ती पिवळी इमारत दिसते ना? दुसरा मजला,” ती म्हणाली.

“म्हटलं, लावतोच आता सासरेबुवांच्या नाकासमोर,” बर्गरवाला छाती काढून म्हणाला. “सकाळी चूळ भरायला उठले की समोर माझं नाव!”

“गप्प बसा हो,” बायको म्हणाली. मग खोदकामकडे वळून जरा हळू आवाजात म्हणाली, “यांचं असू दे. माझ्या मनात तसं काही नाही. बाबा शब्द दिला की पाळतात. पाटी लागली आणि त्यांनी ती पाहिली तर ते येतीलच. नाही पाहिली तर आयुष्य असंच जाईल. समोर लावली तर त्यांना कधी दिसणार? या रस्त्याला ते फिरकतसुद्धा नाहीत.”

धंद्याच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा होता. पण आता तिच्या डोक्यात दुसराच किडा वळवळायला लागला. मधे मालधक्क्याची पत्र्याची छपरं, पाण्याची टाकी, विजेचे खांब. तिथून ही पाटी दिसणार तरी का? धंद्यावर पाणी सोडून पाटी लावायची आणि म्हाताऱ्याला दिसायचा टाकीचा पाय!

“सोंग उभं करा,” ती म्हणाली. “मी पलीकडे जाऊन बघते.”

“त्यांच्याकडे जाणार?” बायकोचा चेहरा उतरला. “माझं नाव काढू नका. पाटीमागे मी आहे असं कळलं तर त्यांना ती भीक मागितल्यासारखी वाटेल.”

“नाही काढणार,” खोदकामने शब्द दिला. तिच्या पोटात तीळ भिजत नसे, ही गोष्ट वेगळी.

नवरा-बायको दोघं बांबू घेऊन गच्चीवर चढली. कापड म्हणून दुकानाचा जुना लाल पडदा निघाला, मापाला अगदी बरोबर. खोदकाम निघाली. रस्त्यावरून काही दिसत नव्हतं, दिसणारच नव्हतं. पादचारी पुलावरून एक कोपरा दिसला. मालधक्क्याच्या फाटकातून नुसती छपरं. पिवळ्या इमारतीच्या तळमजल्यावरून पाण्याची टाकी. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी तिला आनंदाने आत घेतलं, खिडक्या उघडून दाखवल्या, आपल्या गुडघेदुखीची सगळी हकीगत सांगितली आणि शेवटी म्हणाल्या, “इथून काय दिसायचंय? बघायचं तर वर घड्याळजींच्या गॅलरीतून बघा. पण ते आत घेणार नाहीत हो. तिरसट माणूस.”

दुसऱ्या मजल्यावर तिने कडी वाजवायला हात उचलला तोच दार उघडलं. समोर सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेला किडकिडीत म्हातारा. नाकपुड्या फुललेल्या.

“तुम्हीच का त्या पालिकेच्या? पुलावरून वह्या नाचवत येताना पाहिलं मी. ते लाल कापड काढा आधी!”

“आजोबा, ते सोंग आहे. खरी पाटी लागायचीय.”

“म्हणजे ते कायमचं राहणार तिथे?” म्हाताऱ्याने दाराची चौकट धरली.

“तेच बघायला आलेय. गॅलरीत येऊ?”

तो काही बोलायच्या आत ती आत शिरलीसुद्धा. खोली नीटनेटकी, भिंतीवर बरीच घड्याळं, सगळी एका ठोक्यात चाललेली. गॅलरीत एक वेताची खुर्ची. खोदकामच्या लगेच नजरेत आलं की खुर्ची वाकडी आहे. गॅलरीतून समोर टेकडी होती, मोकळं आभाळ होतं. कोणी शहाणा माणूस खुर्ची तिकडे तोंड करून ठेवील. ही मात्र कोपऱ्यात, भिंतीला खेटून, तिरकी. बसायचं तर मान एका बाजूला करूनच बसावं लागेल अशी. आणि फरशीवर तिच्या पायांचे चार डाग पडलेले, म्हणजे ती रोज तिथेच असणार.

न विचारताच ती त्या खुर्चीत बसली. मालधक्क्याचं छप्पर आणि पाण्याची टाकी यांच्यामध्ये एक उभी फट होती आणि त्या फटीत, चौकटीत बसवल्यासारखी, बर्गरवाल्याची गच्ची. आता तिथे फक्त लाल पडदा दिसत होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत, फट गच्च भरून.

दिसते! मनातल्या मनात तिने टाळी वाजवली. याहून चांगली कुठूनच दिसणार नव्हती.

“दिसतेय की झकास,” ती म्हणाली.

“म्हणूनच काढा म्हणतोय,” म्हातारा म्हणाला. “माझी हरकत आहे. लिहून घ्या.”

हरकत म्हटल्यावर नियम आला. खोदकामने अर्ज काढला. “कारण सांगावं लागेल. उजेड अडतो, वारा अडतो की डोळ्यावर झळ येते?”

“यातलं काही नाही.”

“मग हरकत कशी घेणार? कारण लागतं.”

“तुमच्या कागदात बसणारं कारण नाहीये ते.”

झालं! असं कोणी तिला म्हणायचं म्हणजे विहीर खणणाऱ्याला खाली पाणी आहे म्हणून सांगण्यासारखंच. तिने पेनाचं टोपण लावलं. “कागद राहू द्या. मला सांगा.”

म्हातारा कठड्याशी उभा राहिला. आत घड्याळं टकटकत होती.

“जवळचं मला आता काही दिसत नाही,” तो म्हणाला. “घड्याळ उघडलं तर आतलं चाक दिसत नाही, धंदा त्यामुळेच बंद झाला. पण लांबचं लख्ख दिसतं. त्या गच्चीवर दुपारी एक मुलगी येते. दुकानातली फडकी वाळत घालते. मग पाण्याच्या पिंपाच्या सावलीत जरा वेळ टेकते, केस सोडून पुन्हा बांधते आणि खाली जाते. एवढंच.”

आता सगळं तिच्यासमोर उघडं पडलं होतं.

“कोण मुलगी?” तरी तिने विचारलं. सवय!

“माझी,” म्हातारा म्हणाला. “आता हे कारण कसं लिहू, सांगा? ‘मुलगी दिसत नाही’ असं लिहू? तुमचे साहेब शिक्का मारतील त्याच्यावर?”

“अहो, मग खाली उतरा आणि जा तिच्याकडे! पूल ओलांडला की दुकान. तिथे तर जवळून दिसेल.”

“शब्द दिलाय मी. पाटी लागल्याशिवाय पायरी चढणार नाही म्हणून.”

“मग लागतेय की पाटी!”

“तिथे लागली तर मला काय दिसणार? पाटीच ना!” म्हातारा खेकसला. मग त्याचा आवाज बसला. “आणि पाटी लागल्यावर गेलो, आणि तिनेच दार लावून घेतलं तर? मी घेतलं होतं. मग तेही गेलं आणि हेही गेलं. बाई, आज आहे तेवढं मला पुरतं. तेवढं राहू द्या. आणि तिला यातलं काही सांगू नका.”

घ्या! एकीने तिकडे सांगितलं नाव काढू नका, हा इकडे म्हणतो सांगू नका. दोघांच्या मधे ही, आणि हिच्या मधे हिचं पोट. बापलेकीचा हट्ट एकाच साच्यातला, हे ओळखायला काही निरीक्षक असावं लागत नव्हतं. खोदकामला रडू येत होतं आणि रागही येत होता. एवढ्याशा फटीवर हा माणूस जगतोय, आणि ती पोर तीच फट बुजवायला बांबू घेऊन उन्हात उभी आहे. तेही याने पाहावं म्हणून!

बरं, तोंड बंद ठेवायचं कबूल केलं होतं. पण सोंग कुठे धरायचं ते सांगणं हे तर तिचं कामच होतं. त्यात कोणाच्या बापाचं काय जात होतं? तिने पर्समधून फोन काढला, फाईलमधला दुकानाचा नंबर लावला आणि स्पीकरवर टाकून कठड्यावर ठेवला.

“हॅलो, मॅडम?” मुलीचाच आवाज आला.

म्हाताऱ्याने कठडा घट्ट धरला.

“कापड जरा खाली घ्या,” खोदकाम म्हणाली. “अजून. अजून खाली. कमरेपर्यंत.”

फटीतला लाल पडदा हळूहळू उतरला. आधी दोन बांबूंची टोकं दिसली, मग एका बाजूला बर्गरवाल्याचं गरगरीत डोकं, मग दुसऱ्या बाजूला ती. एका हातात बांबू, दुसऱ्या हाताने फोन कानाला लावलेला. उभ्या जागी ती सारखी हलत होती, एक पाय उचल, तो टेकव, दुसरा उचल.

“दिसतेय का हो पाटी? कुठून बघताय तुम्ही?” तिने विचारलं.

“पिवळ्या इमारतीतून. दुसरा मजला.”

फोनवर नुसता वारा ऐकू आला.

“कोणत्या गॅलरीतून?”

“कोपऱ्यातल्या,” खोदकाम म्हणाली. “इथे एक वेताची खुर्ची आहे. रोज इथेच असते. तिच्यात बसलं की तुमची गच्ची सोडून दुसरं काही दिसत नाही.”

तिने शब्द मोडला नव्हता. नाव कोणाचंच काढलं नव्हतं. नुसतं जागेचं वर्णन केलं होतं, जसं अहवालात करतात.

पलीकडे मुलीच्या हातातला बांबू कलंडला. बर्गरवाला काहीतरी ओरडला, कापड त्याच्याच अंगावर कोसळलं आणि तो त्यात गुरफटला. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. कपाळावर हात धरून ती इकडे बघत होती.

“पाटी समोर रस्त्याला लावा,” खोदकाम म्हणाली. आवाज सरकारी ठेवायचा तिने खूप प्रयत्न केला. “मागे लावायची गरज नाही. इथून तुमचं सगळंच दिसतं.”

“मॅडम,” मुलगी म्हणाली, “तुमच्या शेजारी कोण उभं आहे?”

खोदकामने म्हाताऱ्याकडे पाहिलं. दोनदा त्याने फोनकडे हात नेला आणि दोनदा मागे घेतला. जन्मात पहिल्यांदाच खोदकामने काही विचारलं नाही. फोन फक्त त्याच्या बाजूला सरकवला.

“गच्ची तापलेली असते,” म्हातारा एकदम म्हणाला. “अनवाणी वर येत जाऊ नकोस.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“बाबा, तुम्हाला इतक्या लांबून माझे पाय दिसतात?”

“पाय कुठले दिसायला? उड्या मारतेस त्या दिसतात. रोजच्या. लहानपणी अंगणात मारायचीस तशाच. चपला घालायला काय होतं तुला?”

“बाबा…” ती म्हणाली. तापलेल्या गच्चीवर ती दोन्ही पाय टेकून तशीच उभी राहिली होती.

“आधी सावलीत जा,” म्हातारा फोनवर ओरडला. “मग बोल. मी आहे इथे.”